बोल्ड म्हणजे धीट

बेसा, नागपूर
८ जानेवारी २०२५

चि. सोनिकास,
जय भीम. आजीचे तुले भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. पोस्टमन खाली वॉचमनजवळ देऊनच चालला होता, मी बाल्कनीतून पाहिलं अन् लिफ्टनं खाली गेली. एकटी गेली. बटन दाबाले आता मी घाबरत नाही, फक्त मधातच लाइट गेली तं काय, एवढं मनात येते. तुझ्या बापाले सांगू नको. अंकुश म्हणते, आई, कोणी सोबत असल्याबिगर लिफ्टमध्ये जात जाऊ नको. मी काय लहान पोट्टी आहो?

दिवाळीत तू म्हटलं होतं, आजी, फोनवर तुले ऐकू येत नाही, मी विचारतो एक अन् तू सांगते दुसरंच, त्यापरीस पत्र लिहीत जा. मले वाटलं मजा करून राहिली. चौथी शिकलेली बाई काय पत्र लिहीन. पण आता अशी गोडी लागली का सकाळी भाजी निवडतानाच मनात सुरू होते, हे सोनिकाले लिहीन, ते सोनिकाले लिहीन. लिहाले बसलं का अर्धं विसरून जाते.

समोरच्या फ्लॅटमधल्या भागीरथाबाईले मी सांगितलं, माझी नात हैदराबादले इंग्रजीच्या एका शब्दावर दोन वर्षांपासून अभ्यास करून राहिली. ती म्हणे, एकाच शब्दावर? मंग बाकीचे कधी होतीन? मी म्हटलं, तुमच्या नातवाचे सगळे झाले का?  सांबाराची, तुमच्या कोथिंबिरीची, जुडी द्याले आली होती, ती देऊन गेली.

तू लिहिलं का तो शब्द 'बोल्ड' आहे. आता ऐक, हा शब्द मले माहीत आहे. एक नाही, तीन बोल्ड माहीत आहेत. पहिला क्रिकेटचा. दांड्या उडाल्या का तुझा बाप सोफ्यावरून उठते अन् ओरडते, बोल्ड. म्हणजे गेला, संपला. दुसरा टीव्हीचा. तुझी आई एखादी सिनेमाची बातमी लागली का चटकन चॅनल बदलवते, म्हणते बोल्ड आहे, तुम्ही पाहू नका. म्हणजे कपडे कमी. अन् तिसरा छापखान्याचा. या घराच्या वास्तूचं कार्ड छापलं तवा छापणारा तुझ्या बापाले विचारे, वडलांचं नाव बोल्ड करू का? मी बाजूलेच होती. मी म्हटलं, भाऊ, ते जाऊन नऊ वर्षं झाले, ते तर कधीचेच बोल्ड झाले. तो बिचारा चष्मा पुसत बसला. मंग अंकुशनं समजावलं का बोल्ड म्हणजे जाड अक्षर.

आता तू सांग, एकच शब्द माणसाले आउट बी करते, उघडं बी करते अन् जाड बी करते, हे कसं?

माया आजीनं भिवापूरवरून पहिल्या तोड्याची मिरची पाठवली, तिचा नागसेन येऊन देऊन गेला. दोन किलो तुझ्यासाठी कुटून ठेवतो. मेसचं बेचव खाऊन तोंड मेलं असन तुझं.

तुझीच,
आजी


हैदराबाद
१६ जानेवारी २०२५

प्रिय आजी,
जय भीम.

तुझं पत्र मी मेसमध्ये वाचलं. 'ते तर कधीचेच बोल्ड झाले' वाचून इतकी हसले की ताटातलं वरण ओढणीवर सांडलं. मग मैत्रिणींना भाषांतर करून सांगावं लागलं, आणि भाषांतरात गंमत राहिली नाही.

क्रिकेटचा बोल्ड वेगळा, आजी. तो चेंडू टाकण्यावरून आला, फक्त कानाला सारखा लागतो. बाकी दोघं मात्र एकाच घरातले. हजार वर्षांमागे इंग्रजीत हा शब्द नुसता कौतुकाचा होता. जो लढाईत मागे सरत नाही, ज्याचं काळीज घट्ट, तो बोल्ड. मग दोन-तीनशे वर्षांत त्याला दुसरा अर्थ चिकटला: जो मोठ्यांसमोर फार बोलतो, ज्याला लाज नाही. मी जुनी पुस्तकं चाळते तेव्हा एक गोष्ट सारखी दिसते. पुरुषाबद्दल लिहिलं की शाबासकी, बाईबद्दल लिहिलं की बहुतेकदा ठपका. आयर्लंडमध्ये तर आजही खोडकर पोराला बोल्ड म्हणतात. आणि जाड अक्षर सगळ्यात अलीकडचं, कारण ते पानावर छाती काढून उभं राहतं.

आता एक कबुली देते. दिवाळीत इंदोऱ्याचं जुनं घर रिकामं करताना तुझ्या बिस्किटाच्या डब्यात, जुन्या राशन कार्डाच्या खाली, मला एक घडी केलेला कागद सापडला. शाळेचा शिक्का, सन १९७३, खाली हेडमास्तरीण म्हणून देवकीबाईंची सही. इंग्रजीत आहे. मी तुला न विचारता मोबाइलवर फोटो काढला आणि कागद परत ठेवला. पहिली ओळ स्पष्ट वाचता येते: माया बोल्ड मुलगी आहे. आपली माया आजी, तुझी धाकटी बहीण! पुढच्या दोन ओळी घडीवर पुसल्या आहेत, फोटो मोठा करून पाहणार आहे.

आजी, मी दोन वर्षं हा शब्द परदेशी पुस्तकांत शोधते आहे, आणि तो तुझ्या डब्यात निघाला. मार्चमध्ये घरी येईन तेव्हा आपण दोघी भिवापूरला जाऊ आणि हा कागद माया आजीला वाचून दाखवू. तोवर तिला काही सांगू नको. मथळ्यावरून कागद नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी दिलेला दिसतो. मग ती गेली का नाही?

तुझी,
सोनिका


बेसा
२२ जानेवारी २०२५

चि. सोनिकास आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. इकडं सगळे बरे आहेत. थंडी कमी झाली. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता, आता येते. भागीरथाबाईचा गुडघा दुखून राहिला.

त्या कागदाचं मनातून काढून टाक. मायेले दाखवायचा नाही. बाईनं तिच्याबद्दल बरं लिहिलं नव्हतं. तिले अडुसष्ट पूर्ण झाले, बीपीची गोळी आहे, आता या वयात तिले काहून दुखवायचं?

तुले सांगतो, म्हणजे तू पुन्हा विचारणार नाही. आमची आई गेली तवा मी नऊ वर्षांची अन् माया पाच. ती दीक्षेच्या साली झाली, म्हणून बाबानं माया नाव ठेवलं, बुद्धाच्या आईचं. मी चौथीतून निघाली अन् घर पाहिलं. माया शिकली, मॅट्रिक झाली. नर्सच्या ट्रेनिंगले जायचं म्हणे, त्याले शाळेचा दाखला पाहिजे होता. तो बंद लिफाफ्यात बाबाच्या नावानं आला. माया तवा रामटेकले मावशीकडं गेली होती. बाबा मिलमध्ये, त्यायले मराठीच जेमतेम वाचता ये, इंग्रजी कुठलं. मी तो गल्लीतल्या वामनरावाकडं नेला. ते कचेरीत होते, इंग्रजी वाचत. त्यायनं सांगितलं, बाईनं लिहिलं का पोरगी बोल्ड आहे, बोल्ड म्हणजे धीट.

आता धीट म्हणजे का, हे तुले सांगाले पाहिजे का? आपल्या घरात हा शब्द एकटा येत नसे, मागून झापड ये. 'लई धीट झाली, तोंड वर करून बोलते.' बाबा संतापले. म्हणाले, मास्तरीणच असं लिहिते तं पोरीले परगावी एकटी ठेवायची नाही. कागद जाळून टाक म्हणाले. त्याच उन्हाळ्यात भिवापूरचं स्थळ आलं अन् मायेचं लगन झालं. संपलं.

तुझा बाप नवा कुकर घेऊन आला, त्याची शिटी रेल्वेसारखी वाजते.

आजी


हैदराबाद
३० जानेवारी २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र चारदा वाचलं. आणि मी आता जे लिहिते आहे ते बसून वाच.

फोटो मोठा करून मी पुढच्या दोन्ही ओळी लावल्या. संपूर्ण कागद असा आहे: 'माया धीट मुलगी आहे. ती रक्त पाहून पळत नाही आणि कोणाच्या रागालाही पळत नाही. आपल्या दवाखान्यांना अशाच मुली हव्यात.'

बरं लिहिलं नव्हतं? आजी, एखाद्या शिक्षिकेनं एखाद्या मुलीबद्दल याहून चांगलं काय लिहावं?

तू धीट या शब्दाचं लिहिलंस म्हणून मी तोही शोधला. तो संस्कृतातल्या 'धृष्ट'वरून आला. धृष्ट म्हणजे उद्धट, मर्यादा न पाळणारा. म्हणजे आपला शब्द बदनाम घरात जन्मला आणि हळूहळू शूरपणाकडे निघाला, अजून पुरता पोचलेला नाही. इंग्रजांचा शब्द शूर घरात जन्मला आणि बदनामीकडे गेला. दोघांची वाटेत गाठ पडली. देवकीबाईंनी तो शब्द शूर टोकाकडून पाठवला आणि तुमच्या घरी तो बदनाम टोकाकडून पोचला. माझ्या सगळ्या अभ्यासात मला एवढं चांगलं उदाहरण मिळालेलं नाही, आणि एवढं वाईटही.

दोष त्या वामनरावांचा आहे. पहिली ओळ वाचून ते थांबले. अजून दोन ओळी वाचल्या असत्या तर माया आजी नर्स झाली असती. गल्लीत मोठे इंग्रजी वाचणारे म्हणून मिरवत असतील. मी ठरवलंय, माया आजीला खरं सांगायचं: तुमच्या बाईंनी तुमचं कौतुक केलं होतं, वामनराव नावाच्या माणसानं अर्धवट वाचून घात केला. तिला दुःख होईल, पण आनंदही होईल. बावन्न वर्षांनी का होईना.

तुझी,
सोनिका


बेसा
९ फेब्रुवारी २०२५

सोनिका,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहून राहिली. पहिल्या दोन वेळा बी, मागच्या पत्रासारखं, मी टँकर अन् कुकरचंच लिहीत बसली. माणसाले लपवायचं असलं का तोंड बम चालते, ते तुले आता समजलंच असन.

वामनरावाले काही म्हणू नको. तो माणूस मरून तीस वर्षं झाली अन् माझ्यापायी त्याचं नाव खराब झालं, हे तुझ्या पत्रात वाचून मले माझ्याच हाताची लाज वाटली. मीच तुले तसं वाटू दिलं. वामनरावानं तिन्ही ओळी वाचल्या होत्या.

त्यायनं ओसरीवर चष्मा लावला, एक एक शब्द वाचला अन् मराठीत सांगितला. रक्ताचं सांगितलं. शाळेत एका पोरीचं डोकं फुटलं होतं, सगळ्या पळाल्या, माया आपली ओढणी तिच्या डोक्याले दाबून बसून राहिली होती, ते मले माहीत होतं. रागाचं सांगितलं. दवाखान्याचं सांगितलं. अन् शेवटी म्हणाले, 'पोरी, बाबाले म्हण, पेढे वाटा. माया नाव काढीन.' मले कागद देताना ते हसले. त्यायचे समोरचे दोन दात नव्हते, मले अजून दिसते.

त्यायच्या ओसरीपासून आमचं घर वीस पावलं. तेवढ्यात मी फिरली.

काहून फिरली, हे मी बावन्न वर्षं सोताले विचारून राहिली, अन् दर वेळी सोतालेच गोड उत्तर देतो. बाबा एकटे पडतीन. परगावी पोरीचं कसं होईन. ते सगळं खोटं. खरं इतकंच का मी जळत होती. तिच्या केसाच्या वेण्या मी घालत होती, तिचा डबा मी करत होती, चुलीपुढं बसून ती मोठ्यानं इंग्रजी वाचे अन् मी भाकर थापता थापता ऐके. रामटेकले जायच्या आदल्या दिवशी मी तिले विचारलं, या धड्यात काय लिहिलं वं? ती म्हणे, 'जाऊ दे ना ताई, तुले काय समजते त्यातलं.' हसून म्हटलं होतं, वाईट मनानं नाही. पण ते मले लागलं, अन् चार दिवस लागूनच राहिलं.

सांजेले बाबा आले. हातपाय धुतले. विचारलं, काय लिहिलं बाईनं? मी म्हटलं, 'बाई लिहिते, पोरगी लई धीट आहे.' तू पाय, शब्द तोच सांगितला. वामनरावानं सांगितला तोच. फक्त ज्या आवाजात शेजारीण शेजारच्या पोरीचं सांगते, त्या आवाजात सांगितला. लई हा मी जोडला.

बाबानं विचारलं, धीट म्हणजे कशी? अजून काय लिहिलं?

 तव्यावर भाकर होती, ती मी पलटवली. तेवढंच केलं. बाबा तोपर्यंत तिथंच उभे होते. मी तवा बी सांगितलं असतं तं चाललं असतं.

कागद जाळ म्हणाले, मी हो म्हटलं. जाळाले हात झाला नाही. डब्यात ठेवला. घर बदललं, डबा बदलला, कागद मी बदलू दिला नाही. कायले ठेवला, ते मले बी सांगता येत नाही. माया आली का डबा मी कोठीच्या मागं सारत होती. दर वर्षी ती मिरची पाठवते. मी दर वर्षी म्हणतो, यंदा मिरची चांगली आहे वं माये.

तुझा तो शब्द वाटेत नाही फिरला, पोरी. त्याले मी फिरवलं. तुझ्या अभ्यासात वामनरावाचं नाव टाकू नको. माझं टाक.

अन् मायेले तू सांगू नको. मी सांगतो का नाही, ते अजून मले समजून नाही राहिलं.

आजी


हैदराबाद
२० फेब्रुवारी २०२५

आजी,

उत्तराला उशीर झाला. चार दिवस मला तुझा राग आला होता, आणि रागात पत्र लिहू नये असं तूच म्हणतेस. पाचव्या दिवशी राग कमी झाला, पण गेलेला नाही. खोटं कशाला सांगू.

'तू तेव्हा लहान होतीस' असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. तू एकवीस वर्षांची होतीस. मी आज सव्वीसची आहे, आणि माझ्या मैत्रिणीला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी तिचं अभिनंदन करायला दोन दिवस लावले. वीस पावलं कशी असतात ते मला थोडं माहीत आहे.

मी माया आजीला काही सांगणार नाही. कागद तिचा आहे, तो सांगायचा हक्क तुझा आहे. पण मार्चमध्ये मी येईन तेव्हा तो डबा कोठीच्या मागे असेल, तर मी तुझ्याशी नेहमीसारखी बोलू शकेन की नाही, सांगता येत नाही.

सोनिका


भिवापूर
६ मार्च २०२५

प्रेमिला ताईस,
जय भीम.

तुझं पत्र सूनबाई प्रीतीनं हाती दिलं. मी मिरचीच्या तोड्यावर होती. बांधावर बसून वाचलं. दोनदा वाचलं. मंग काम कराले गेली, कारण बाया लावल्या होत्या.

तू लिहिलं का तुझं नर्सचं शिक्षण मी खाल्लं, मले माफ कर. ताई, ते तुले वाटते तसं नाही. नर्स नाही झाली त्याचं दुःख मी दोन-चार वर्षांत सोडून दिलं. संसार होता, नागसेन झाला, वावर होतं. माह्या हातानं गावातल्या पंचवीस-तीस बायका बाळंत झाल्या, कोणाच्या दाखल्याबिगर. त्याच्यासाठी तुले माफी मागाची गरज नव्हती.

तू काय नेलं ते मी सांगतो.

बाबा मले म्हणाले होते, तुझी बाई लिहिते का तू धीट आहे. मले खरं वाटलं. कारण त्याच महिन्यात शाळेत इन्स्पेक्टर आला होता, त्यानं फळ्यावर चुकीचं लिहिलं, अन् मी उभी राहून चूक सांगितली होती. बाईनं मले तासभर वर्गाबाहेर उभं केलं. मले वाटलं, तोच राग बाईनं दाखल्यात काढला. आई गेल्यावर मले कोणी जवळ घेतलं तं तू अन् बाईनं. अन् बाईच्या मनात माह्याबद्दल असं होतं, हे घेऊन मी लगनाले उभी राहिली.

मंग बाई मले तीनदा दिसली. तिन्ही वेळा नागपूरले, बर्डीच्या बाजारात. दोनदा मी दुकानात शिरली. तिसऱ्यांदा नागसेन कडेवर होता. तिनं मले ओळखलं, हाक मारली, 'माया.' मले ऐकूच नाही आलं असं मी केलं अन् रस्ता ओलांडला. मागं पाहिलं तं ती तशीच उभी होती, हात थोडा वर. पुढच्या सालात ती वारल्याचं समजलं. मी गेली नाही.

तिले काय वाटलं असन, ताई? ते तू मले कुठून आणून देशीन?

कागद पोस्टानं पाठवू नको. तू घेऊन ये. तूच तो वाचाले नेला होता ना, मंग तूच वाचून दाखव. मराठीत नाही. बाईनं लिहिला तसा. येत नसन तं शिकून ये.

माया


बेसा
२४ मार्च २०२५

चि. सोनिकास,

तू देवनागरीत लिहून पाठवलेल्या त्या तीन इंग्रजी ओळी मी आठ दिवस पाठ केल्या. तुझी आई विचारे, काय पुटपुटून राहिल्या? मी म्हणे, गाथा. 'डज नॉट रन' जमलं. 'अँगर' काही जमेना, हर वेळी 'अंगार' होऊन जाये. भागीरथाबाईच्या सुनेनं, श्वेतानं, गॅलरीत उभं राहून मले म्हणून दाखवलं. कायले पाहिजे म्हणून तिनं विचारलं, तवा मी सांगून दिलं. सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडलं का मंग उघडलंच.

काल भिवापूरले गेली. तुझा बाप यायले तयार होता, मी नाही म्हटलं. नागसेन स्टँडवर घ्याले आला, पाया पडला. त्याले काही माहीत नव्हतं. मी पाय मागं घेतले, त्याले वाटलं पाय दुखत असतीन.

अंगणभर मिरची वाळत टाकलेली. चार बाया देठ तोडून राहिल्या होत्या, प्रीती शिंकत शिंकत पाणी देत होती. माया पिढ्यावर बसली होती. मले वाटलं होतं आत नेईन, दार लोटीन, मंग वाचाले लावीन. तिनं तिथंच सांगितलं, बायायले म्हणाली थोडं थांबा. मले म्हणे, 'वाच.'

मी उभ्यानं वाचलं. मिरचीच्या ठसक्यानं का आणखी कशानं, आवाज बारीक निघाला. ती म्हणे, 'बाई असं बारीक बोलत नसे. मोठ्यानं.' दुसऱ्यांदा वाचलं. अँगरले अडखळली, तिनं तिथून नीट करून दिलं, खाली पाहूनच. बायायले काही समजून नव्हतं राहिलं, पण एकीचाही हात हालत नव्हता. मंग मायेनं त्यायले मराठीत सांगितलं, हे माह्या मास्तरणीनं माह्यासाठी लिहिलं होतं, या माह्या बहिणीनं बावन्न वर्षं डब्यात ठेवलं. एवढंच सांगितलं. जास्त नाही, कमी नाही. मी मान वर नाही करू शकली. चार अनोळखी बाया अन् प्रीती माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या, अन् ते बरोबरच होतं.

ती म्हणे, आणखी एकदा.

तिसऱ्यांदा वाचाले लागली, 'माया इज अ बोल्ड गर्ल,' अन् माया पिढ्यावरून उठली. गुडघ्याले हात देऊन उठली, मांडीवरचे देठ खाली पडले. हात सरळ खाली सोडले अन् उभी राहिली. शाळेत बाई वर्गात आली का पोरी अशा उभ्या राहत. मी पुढच्या दोन्ही ओळी वाचल्या. कागद तिच्याकडं धरला. तिनं घेतला, माझ्याकडं पाहिलं नाही.

वाचून झालं, तरी ती उभीच. शाळेत बाई बसा म्हणे तवा पोरी खाली बसत. तिथं ते म्हणणारं कोणी नव्हतं.

तुझी आजी